निरोगी श्वासातला नायट्रिक ऑक्साइड आणि जनुकांचा वाटा : गोथेनबर्गच्या १,७३७ प्रौढांचं प्रकरण

दोन प्रौढ माणसं डोळ्यांसमोर आणा. दोघांचं वय चाळिशीच्या आसपास, उंची सारखी, विडी-सिगारेटला दोघांनीही कधी हात लावलेला नाही, दमा नाही, अ‍ॅलर्जी नाही, गेल्या महिनाभरात साधी सर्दीही नाही. एकाच सकाळी, एकाच यंत्रात, एकाच पद्धतीने दोघांनी श्वास सोडला. एकाच्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड निघाला ११ पीपीबी, दुसऱ्याच्या श्वासात ३१. पीपीबी म्हणजे सोडलेल्या हवेच्या एक अब्ज रेणूंमागे या वायूचे किती रेणू आहेत, ते मोजण्याचं एकक. माणसं दोन्ही ठणठणीत आहेत. मग जवळजवळ तिपटीचा हा फरक आला कुठून?

दमेकऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न फारसा पडत नाही. तिथे आकडा वाढला की श्वासनलिकेची सूज हे कारण हाताशी असतं. निरोगी माणसाचा आकडा वर-खाली दिसला की मात्र डॉक्टरांची पंचाईत होते. नॉर्मलची रेघ ओढायची तर नॉर्मल माणसं एकमेकांपासून इतकी वेगळी का, हे आधी कळायला हवं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात या प्रश्नाचा जनुकांच्या बाजूने माग काढला गेला आणि २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अ‍ॅना-कॅरिन ओलिन यांच्या गटाने केलेल्या त्या अभ्यासाचं हे प्रकरण. जनुकांचा हात त्यात स्पष्ट दिसला आणि तो हात किती लहान आहे हेही तितकंच स्पष्ट दिसलं. माझ्या मते या दुसऱ्या गोष्टीकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही, म्हणून तिच्यावर इथे जास्त वेळ थांबणार आहे.

वायू तयार कुठे होतो

नायट्रिक ऑक्साइड हा शरीर स्वतः बनवतं आणि त्याचा निरोप्यासारखा वापर करतं, हे १९८० च्या दशकात रक्तवाहिन्यांवरच्या कामातून पुढे आलं. त्या कामाला १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसाच्या सोडलेल्या श्वासातही हा वायू सापडतो, हे १९९१ मध्ये स्वीडिश संशोधकांनी दाखवलं. दमेकऱ्यांच्या श्वासात त्याचं प्रमाण वाढलेलं असतं, हेही दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, स्वीडनमधूनच कळलं. पुढे दवाखान्यात वापरता येईल असं मोजणीचं यंत्रही तिथल्याच एका कंपनीने बाजारात आणलं. त्यामुळे प्रौढांच्या मोठ्या समूहाचा श्वास मोजून त्याची जनुकांशी सांगड घालण्याचं काम स्वीडनमध्ये झालं यात नवल नाही. यंत्रं, अनुभव आणि लोकसंख्येची व्यवस्थित नोंदणी या तिन्ही गोष्टी तिथे होत्या.

पेशीत हा वायू बनतो अर्जिनिन या अमिनो आम्लापासून. नायट्रिक ऑक्साइड सिंथेज, थोडक्यात नॉस, नावाचं विकर (एन्झाइम) अर्जिनिन आणि ऑक्सिजन घेतं आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइड व सिट्रुलिन तयार करतं. या विकराचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळं जनुक आहे. नॉस-१ मुख्यतः मज्जापेशींमध्ये सापडलं, नॉस-३ रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. नॉस-२ ला दाह झाल्यावर जागं होणारं विकर म्हणून ओळख मिळाली. ही तीन जनुकं तीन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर बसलेली आहेत : नॉस-१ बाराव्यावर, नॉस-२ सतराव्यावर, नॉस-३ सातव्यावर.

नॉस-२ ची ही ओळख श्वासनलिकेच्या बाबतीत अपुरी ठरली. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींमध्ये हे विकर निरोगी माणसातही सतत हजर असतं, हे १९९५ मध्ये दिसून आलं. त्याचा एक गुणधर्म इथे महत्त्वाचा आहे. नॉस-१ आणि नॉस-३ ही विकरं पेशीतलं कॅल्शियम वाढलं की चालू होतात आणि उतरलं की थंडावतात. नॉस-२ ला तशी कळ दाबावी लागत नाही, ते एकदा तयार झालं की वायू बनवत राहतं. म्हणजे नॉस-२ कडून किती वायू निघणार हे मुख्यतः त्या जनुकाची किती नक्कल पेशीत उतरते यावर ठरतं. अशा विकराच्या जनुकात जन्मजात लहानसा फरक असेल, तर त्याचा ठसा रोजच्या श्वासात उमटण्याची शक्यता जास्त. ही झाली अपेक्षा. पुरावा काय म्हणतो ते पुढे येईलच.

मोजमापातली शिस्त

जनुकांचा परिणाम लहान असेल तर मोजमापातला गोंधळ त्याला सहज गिळून टाकतो. म्हणून या चाचणीची पद्धत जरा तपशिलाने सांगायला हवी. तिचं दवाखान्यातलं नाव फेनो.

माणसाने आधी नायट्रिक ऑक्साइड नसलेली हवा छातीभर ओढून घ्यायची आणि मग सेकंदाला ५० मिलिलीटर या ठरलेल्या संथ वेगाने सोडायची. हा वेग मनाला येईल तसा ठेवून चालत नाही. वायू श्वासनलिकेच्या भिंतीतून हवेत मिसळतो. हवा सावकाश गेली तर तिला वायू गोळा करायला वेळ मिळतो आणि आकडा वाढतो, जोरात फुंकली तर तोच आकडा उतरतो. दुसरी अडचण नाकाची. चेहऱ्यातल्या सायनसमध्ये हा वायू श्वासनलिकेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, आणि तिथली थोडी हवा जरी तोंडावाटे बाहेर पडणाऱ्या श्वासात मिसळली तरी मोजणी वाया जाते. म्हणून यंत्राच्या नळीत मुद्दाम थोडा अडथळा ठेवतात. त्याविरुद्ध फुंकताना तोंडात दाब तयार होतो, मऊ टाळू वर उचलली जाते आणि नाकाकडची वाट बंद होते.

इतकं करूनही बाकीचे घटक उरतातच. पुरुषांचा आकडा बायकांपेक्षा सरासरीने जास्त येतो, उंच माणसाचा बुटक्यापेक्षा जास्त. अ‍ॅलर्जीकडे कल असलेल्या माणसाला दमा नसला तरी त्याचा आकडा चढा असू शकतो. सर्दीच्या विषाणूने तो वाढतो. पालक, बीट यांसारख्या नायट्रेटने भरलेल्या भाज्या चाचणीआधी खाल्ल्या तरी वाढतो. धूम्रपानाने तो ठळकपणे उतरतो, त्यामुळे रोज सिगारेट ओढणाऱ्याचा आकडा फसवा ‘चांगला’ दिसतो. स्पायरोमेट्रीची, म्हणजे फुफ्फुसांची ताकद मोजणाऱ्या चाचणीची, जोरदार फुंकर आधी मारून घेतली तरी आकडा खाली येतो, म्हणून फेनो नेहमी आधी करायची आणि स्पायरोमेट्री नंतर.

संशय आधी कोणावर होता

गोथेनबर्गच्या आधीची दोन कामं माहीत असल्याशिवाय त्या निकालाचं वजन कळत नाही.

पहिलं काम नॉर्वेतल्या जुळ्यांवरचं, २००७ चं. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ पूर्ण सारखी असतात, द्विबीज जुळ्यांची सरासरीने निम्मी. घर, जेवण, बालपण मात्र दोन्ही प्रकारच्या जोड्यांना सारखंच वाटून मिळालेलं असतं असं धरतात. एकबीज जोड्यांचे आकडे द्विबीज जोड्यांपेक्षा एकमेकांशी जास्त जुळत असतील, तर त्या जास्तीच्या जुळण्यातून जनुकांचा वाटा काढता येतो. नॉर्वेच्या संशोधकांना हा वाटा ६० टक्के मिळाला. उरलेले ४० टक्के प्रत्येकाच्या स्वतंत्र परिस्थितीचे.

इथेच एक गैरसमज दूर करतो, कारण वर्तमानपत्री बातम्यांमध्ये तो हमखास होतो. ६० टक्के याचा अर्थ एखाद्याचा आकडा २० असेल तर त्यातले १२ जनुकांनी दिले आणि ८ हवेने, असा होत नाही. माणसामाणसांत जो फरक पडतो, त्या फरकाच्या पसाऱ्यापैकी ६० टक्के त्या समूहात, त्या काळात, जनुकांच्या फरकाशी बांधलेला आहे, इतकाच त्याचा अर्थ. एकट्या माणसाच्या आकड्याची अशी वाटणी करताच येत नाही.

दुसरं काम दमेकऱ्यांवरचं. २००० च्या सुमारास संशय नॉस-१ वर होता. या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याची आवर्तनं किती आहेत याचा दमेकऱ्यांच्या श्वासातल्या वायूशी संबंध दिसला होता. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांना ग्रासणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमध्येही तसंच दिसलं होतं. त्यानंतर २००३ मध्ये दमेकऱ्यांमध्येच नॉस-३ मधल्या एका फरकाचं नाव पुढे आलं. मात्र ही सगळी निरीक्षणं आजारी माणसांची, आणि बहुतेक वेळा लहान गटांतली होती. निरोगी माणसांत कोणतं जनुक काम करतं, हा प्रश्न तसाच पडून होता. तिन्ही जनुकं एकत्र, एकाच समूहात, सामान्य लोकसंख्येत तपासणं गरजेचं होतं.

गोथेनबर्गमध्ये काय केलं

गोथेनबर्ग हे स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. तिथल्या सर्वसामान्य प्रौढांमधून निवडलेल्या १,७३७ जणांचा फेनो मोजला गेला आणि रक्तातून डीएनए घेऊन तिन्ही नॉस जनुकांमधल्या ४९ जागा तपासल्या गेल्या. या जागांना स्निप म्हणतात. जनुकाच्या लांबलचक मजकुरात एखाद्या ठिकाणी काही माणसांत एक अक्षर असतं आणि काहींत दुसरं. प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती मिळतात, म्हणजे आकडा वाढवणारं अक्षर कुणाकडे शून्य वेळा, कुणाकडे एकदा, कुणाकडे दोनदा असतं.

हा समूह दवाखान्यात आलेल्या रुग्णांचा नव्हता, आणि मला ती या अभ्यासाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. रुग्णालयातून माणसं घेतली की दमा, औषधं, धूर, सततची काळजी हे सगळं एकमेकांत गुंतलेलं येतं. सामान्य लोकसंख्येत बहुसंख्य निरोगी, काही अ‍ॅलर्जीवाले, थोडे दमेकरी अशी खरी रचना मिळते, आणि मग दमा असलेल्यांत व नसलेल्यांत जनुकाचा परिणाम वेगळा आहे का, हेही विचारता येतं. त्यांनी ते विचारलंही.

फेनोचे आकडे समूहात एकसारखे पसरलेले नसतात. बहुतेकांचे खालच्या बाजूला दाटलेले, थोड्यांचे खूप वर लांबलेले. म्हणून हिशेब आकड्यांच्या लॉगरिदमवर करतात आणि उत्तर टक्क्यांत येतं, म्हणजे वाढवणाऱ्या अक्षराच्या प्रत्येक प्रतीमागे आकडा किती टक्के वर गेला. आधी एकेक स्निप आणि मग सगळे एकत्र तोलून, एकमेकांची सावली नसलेले, स्वतंत्रपणे टिकणारे स्निप शोधले गेले.

असे तीन टिकले. दोन नॉस-२ मधले, आरएस ३७२९५०८ आणि आरएस ९९०१७३४ (आरएस हा स्निपचा नोंदणी क्रमांक). एक नॉस-३ मधला, आरएस ७८३०. पहिल्याच्या प्रत्येक प्रतीमागे आकडा सुमारे ९ टक्के वाढलेला, उरलेल्या दोघांमागे साधारण ५ टक्के. ज्या नॉस-१ वर आधी संशय होता, त्याचा एकही स्निप या यादीत स्वतंत्रपणे टिकला नाही. संशोधकांचा निष्कर्ष असा : निरोगी प्रौढांमध्ये श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचा फरक ठरवणारं नॉस कुटुंबातलं मुख्य जनुक नॉस-२ आहे, आणि दमा असलेल्या प्रौढांमध्ये नॉस-३ ची भूमिका कदाचित जास्त महत्त्वाची असावी.

टक्क्यांचा हिशेब पीपीबीत

टक्के वाचून माणूस हरखतो. ९ टक्के ऐकायला बरेच वाटतात. पण दवाखान्यातला कागद पीपीबीत बोलतो, म्हणून हा हिशेब त्या भाषेत करून पाहू.

समजा आकडा वाढवणारी एकही प्रत नसलेल्या एका निरोगी माणसाचा फेनो १६ आहे. त्याच्यासारख्याच, पण पहिल्या स्निपच्या दोन्ही प्रती मिळालेल्या माणसाचा आकडा ९ टक्क्यांनी दोनदा वाढेल, म्हणजे सुमारे १९ होईल. फरक ३ पीपीबीचा. आता टोकाची कल्पना करू. एखाद्याला तिन्ही जागी वाढवणारी अक्षरं दोन्ही बाजूंनी मिळाली, म्हणजे सहाच्या सहा प्रती. सगळ्या वाढी एकमेकींत गुणल्या तर एकूण वाढ साधारण ४४ टक्के होते आणि १६ चा आकडा २३ वर जातो.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ मध्ये फेनो वाचण्यासाठी ज्या सीमा सुचवल्या, त्यांत प्रौढांसाठी २५ च्या खालचा आकडा कमी मानला जातो. तिथे इओसिनोफिल या अ‍ॅलर्जीशी जोडलेल्या पांढऱ्या रक्तपेशींमुळे होणारी सूज असण्याची शक्यता थोडी. ५० च्या वर ती शक्यता दाट, आणि मधल्या पट्ट्यात बाकीचं चित्र पाहून सावधपणे ठरवायचं. म्हणजे या अभ्यासातली सगळी ‘वाढवणारी’ अक्षरं पदरात पडूनही आपला १६ वाला माणूस कमी आकड्याच्या हद्दीतच राहतो. ज्याचा मूळ आकडाच १८ आहे, तो मात्र त्याच सहा प्रतींनी २६ वर पोहोचतो आणि रेषेपलीकडे दिसू लागतो. पण मूळ आकडा इतका कमी असलेलं कुणीही या तीन स्निपच्या बळावर ५० च्या आसपास जात नाही.

म्हणून सुरुवातीच्या ११ आणि ३१ मधला फरक एकट्या या तीन अक्षरांनी भरून निघत नाही. ११ च्या ४४ टक्के वाढीने आपण १६ पर्यंतच येतो. पुढचे १५ कुठून आले, हे या अभ्यासाच्या बाहेर शोधावं लागतं.

आकड्यांवर किती भिस्त ठेवावी

४९ जागा तपासल्या की त्यांतल्या दोन-तीन निव्वळ योगायोगानेही चमकतात. नेहमीची पाच टक्क्यांची कसोटी लावली तर ४९ ला सुमारे अडीच हा साधा गुणाकार आहे. ही गोष्ट या निकालाच्या विरोधात जाते. दुसरी विरोधातली गोष्ट अशी की टप्प्याटप्प्याने स्निप निवडण्याच्या पद्धतीत जे निवडले जातात, त्यांचा परिणाम खऱ्याहून थोडा फुगलेला दिसण्याकडे कल असतो. शिवाय हे तीन स्निप स्वतः कारण असतील असंही नाही. जवळच्या दुसऱ्या एखाद्या खऱ्या फरकासोबत ते पिढ्यानपिढ्या वारशात येत असतील आणि आपल्याला फक्त त्यांची खूण दिसत असेल.

तरी मी या निकालावर, निदान नॉस-२ च्या भागावर, बऱ्यापैकी विश्वास ठेवतो. जीवशास्त्र त्याच्या बाजूने आहे, कारण निरोगी श्वासनलिकेत सतत चालू असणारं विकर तेच. आणि २०१४ मध्ये वेगळ्या लोकांनी, वेगळ्या वयोगटात, वेगळ्या पद्धतीने पुन्हा त्याच ठिकाणी बोट ठेवलं. १४ अभ्यासांतली ८,८५८ मुलं एकत्र घेऊन त्यांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, धुंडाळला गेला. कोणत्याही जनुकाचं नाव आधी न धरता केलेल्या या शोधात तीन जागा वर आल्या आणि त्या तिन्ही सतराव्या गुणसूत्रावर निघाल्या. एक थेट नॉस-२ मध्ये, दुसरी त्याच भागातल्या एलवायआरएम-९ या जनुकात, आणि तिसरी थोडी दूर जीएसडीएमबी या जनुकाजवळ. तिसरी जागा लहानपणीच्या दम्याशी आधीपासून जोडल्या गेलेल्या भागातली आहे, आणि त्या संशोधकांनीही नोंदवलं की श्वासातला वायू व दमा यांना ठरवणारे काही जनुकीय घटक सामाईक आहेत, काही अगदी वेगळे.

प्रौढांच्या अभ्यासाने फक्त तीन जनुकं पाहिली होती. मुलांच्या अभ्यासाने सगळा जीनोम पाहिला आणि तरी नॉस-२ वर आला. माझ्या दृष्टीने हा दुजोरा स्वीडनमधल्या कोणत्याही पी-व्हॅल्यूपेक्षा, म्हणजे निकाल योगायोगाने येण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्यापेक्षा, वजनदार आहे.

साठ टक्के आणि एक टक्का

मुलांच्या त्या अभ्यासात सापडलेल्या तिन्ही जागांनी मिळून मुलामुलांतल्या फरकाचा सुमारे एक टक्का भाग समजावला. नॉर्वेची जुळी म्हणतात जनुकांचा वाटा ६० टक्के. उरलेलं कुठे गेलं? या प्रकरणातला खरा अवघड भाग हा आहे, आणि ‘नॉस-२ सापडलं’ असं म्हणून पुढे जाणाऱ्या लेखांबद्दल माझी तक्रार आहे ती याच ठिकाणी.

पहिला खुलासा असा की दोन्ही आकडे एकाच प्रश्नाची उत्तरं देत नाहीत. जुळ्यांच्या हिशेबात जनुक कोणत्याही वाटेने आकड्यापर्यंत पोहोचलं तरी ते जमेस धरलं जातं. उंची फार मोठ्या प्रमाणात वारशाने येते आणि उंच माणसाचा फेनो जास्त असतो, मग उंचीची शेकडो जनुकं या ६० टक्क्यांत गपचूप बसलेली आहेत. अ‍ॅलर्जीचा कल घराण्यात चालतो आणि अ‍ॅलर्जीने फेनो वाढतो, मग तीही जनुकं तिथेच. स्निपच्या अभ्यासांत याउलट उंची, वय, लिंग, धूम्रपान यांचा परिणाम आधी वेगळा काढून ठेवतात आणि उरलेल्या फरकात नॉस जनुकांचा हात शोधतात. एकीकडे सगळ्या वाटा मोजल्या जातात, दुसरीकडे फक्त वायू बनवण्याची थेट वाट.

दुसरा खुलासा अगणित लहान फरकांचा. उंचीबाबत हे आता चांगलं माहीत झालं आहे : हजारो जागा, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. फेनोचंही तसंच असेल, तर दीड-दोन हजारांच्या किंवा आठ-नऊ हजारांच्या समूहात त्या सगळ्या जागा दिसणं शक्यच नाही. समूह मोठा झाल्याशिवाय त्या वर येणार नाहीत. शिवाय नॉस जनुकांच्या बाहेर, पण वायूच्या रसायनाशी जोडलेली जनुकंही आहेत. आर्जिनेज नावाचं विकर त्याच अर्जिनिनवर ताव मारतं आणि नॉसला मिळणारा कच्चा माल कमी करतं. कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या अभ्यासांत आर्जिनेजच्या जनुकांचाही श्वासातल्या वायूशी संबंध तपासला गेला आहे. गोथेनबर्गच्या यादीत फक्त तीन नॉस जनुकं होती, त्यामुळे हा बाजूचा खेळाडू तिथे मैदानातच नव्हता.

तिसरा खुलासा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो जुळ्यांच्या आकड्यालाच हात घालतो. त्या जुळ्यांमध्ये दमेकरीही होते. दम्याची स्वतःची आनुवंशिकता मोठी आहे आणि दमा फेनो वाढवतो. म्हणजे ६० टक्क्यांतला काही भाग निरोगी श्वासाच्या वारशाचा नसून आजाराच्या वारशाचा असणार. तो आकडा निरोगी प्रौढांना जसाच्या तसा लावणं चूक आहे, आणि तरी तो लावला जातो.

याखेरीज जनुक आणि हवा यांची गाठ आहे. कॅलिफोर्नियातच नॉस-२ च्या सुरुवातीच्या, म्हणजे जनुकाला चालना देणाऱ्या भागातला वारशाचा फरक, त्या भागावरची रासायनिक खूण आणि हवेतले सूक्ष्म कण या तिघांचा मुलांच्या श्वासातल्या वायूवर एकत्रित परिणाम तपासला गेला. तेच जनुक स्वच्छ हवेत एक वागतं आणि धुरकट हवेत वेगळं, असं असेल तर जनुकाचा वाटा किती आणि हवेचा किती ही विभागणीच डळमळते. अक्षर बदलत नाही, पण त्याच्यावर चढलेली खूण बदलू शकते, आणि ती खूण जुळ्यांच्या साध्या समीकरणात बसत नाही.

दमा आला की चित्र पालटतं

दम्याच्या सुजेत इंटरल्युकिन-१३ सारखे संदेशवाहक नॉस-२ ला जोरदार चालना देतात. मग दमेकऱ्यांमध्ये तर नॉस-२ च्या जन्मजात फरकाचा परिणाम आणखी ठळक दिसायला हवा होता. गोथेनबर्गच्या निष्कर्षात नॉस-३ चं नाव पुढे आलं. माझा अंदाज असा, आणि तो अंदाजच आहे, की सूज एकदा पेटली की नॉस-२ ची मात्रा इतकी चढते की जन्मतः मिळालेला लहान फरक तिच्यात बुडून जातो आणि दुसऱ्या विकराचा फरक उठून दिसायला जागा मिळते. पण सामान्य लोकसंख्येतून घेतलेल्या समूहात दमेकऱ्यांची संख्या लहानच असणार, म्हणून संशोधकांनी वापरलेला ‘कदाचित’ इथे गांभीर्याने घ्यावा.

चाचणीचा कागद हातात आल्यावर

फेनोची चाचणी आता पुण्या-मुंबईतल्या मोठ्या श्वसनविकार केंद्रांतही होते, आणि २५ व ५० या सीमा आपल्याकडेही तशाच वाचल्या जातात. त्या सीमा जगभरातल्या पाहण्यांतून आल्या असल्या तरी त्यांच्यामागचा बराचसा पुरावा युरोप, अमेरिका, न्यूझीलंड इथला. स्निपच्या अक्षरांचं प्रमाण वेगवेगळ्या लोकसमूहांत वेगवेगळं असतं. गोथेनबर्गमध्ये जे अक्षर दहातल्या चौघांकडे असेल ते सांगली-सोलापूरकडे दहातल्या सहांकडे असू शकतं, किंवा एखाद्याकडेच. तसं असेल तर अख्ख्या समूहाची सरासरी एक-दोन पीपीबीने सरकलेली असेल. त्यात उंची वेगळी, आहार वेगळा, हवा वेगळी. स्वीडनचे टक्के उचलून इथल्या माणसाला चिकटवणं बरोबर नाही, आणि त्या स्निपची तपासणी करून आकडा ‘दुरुस्त’ करायला जाणं तर त्याहून निरर्थक. वरच्याच हिशेबाने त्यातून टोकाच्या माणसातही फार तर सात-आठ पीपीबीची दुरुस्ती हाती येईल, आणि चाचणीआधी खाल्लेली पालकाची भाजी तेवढं सहज बिघडवून टाकेल.

२०११ च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांमध्ये एक उपाय दिलेला आहे आणि तो जनुकांच्या अडचणीला अचूक लागू पडतो. एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंतचा बदल पाहायचा. आकडा ५० च्या खाली असेल तर १० पीपीबीहून मोठी वाढ, आणि ५० च्या वर असेल तर २० टक्क्यांहून मोठी वाढ, हीच खरी वाढ मानायची. माणसाची अक्षरं जन्मापासून तीच राहतात. त्याचा स्वतःचा जुना आकडा पायाशी ठेवून नवा वाचला की वारशाने आलेली स्थिर चढ-उतार वजाबाकीत आपोआप निघून जाते आणि उरतं ते बदललेलं : सूज, संसर्ग, औषधाचा परिणाम किंवा हवा.

म्हणून ३१ आकडा आलेल्या निरोगी माणसाला मी लगेच इनहेलर द्या असं म्हणणार नाही, आणि ‘जनुकांमुळे असेल’ म्हणून फाईल बंद करा असंही म्हणणार नाही. आधी गेल्या काही आठवड्यांतली सर्दी, जेवण, धूम्रपान, घरातल्या अ‍ॅलर्जीचा इतिहास विचारावा. शिंका, नाक चोंदणं, रात्रीचा खोकला, व्यायामाने येणारी धाप यांची चौकशी करावी. स्पायरोमेट्री पाहावी. यातलं काहीच हाती लागलं नाही, तर दोन-तीन महिन्यांनी त्याच यंत्रावर, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजावं. दुसऱ्यांदाही २९ किंवा ३३ आला, तर तो त्या माणसाचा नेहमीचा आकडा आहे असं धरून कागदावर तारखेसह लिहून ठेवावा. पुढे कधी त्याला खोकला लागला आणि आकडा ३४ आला, तर घाबरण्याचं कारण नाही हे त्या नोंदीवरून कळेल. आणि ज्याचा नेहमीचा आकडा ११ आहे त्याचा कधी २४ आला, तर २५ च्या खाली असूनही ती १३ पीपीबीची वाढ आहे. त्याची तपासणी तेव्हाच करायला हवी.